औषध चालू असताना रक्त का उतरते?



या व्यासपीठावरून दरसाल पंडित बोलतात, प्राध्यापक बोलतात, डॉक्टरही बोलतात. मी यांपैकी कोणीच नव्हे. नववीत शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, नगर वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या घरी बसून. तेव्हा रक्तासारख्या विषयावर बोलण्याचा मला अधिकार काय, असे आपल्या मनात आले असेल तर ते रास्तच आहे. माझा अधिकार एवढाच, की या विषयाच्या अज्ञानापायी मी दोन वेळा चुकलो. एक चूक भरून निघाली, दुसरी निघाली नाही. तशी चूक आपल्यापैकी कोणाच्या घरी होऊ नये, एवढ्यासाठी मी उभा आहे.

यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा आमचा एक सभासद होता. त्याला मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली आणि शरीरात कोठे उरलासुरला रोग असेल तो मारण्यासाठी औषधाचे डोस सुरू झाले. चौथ्या डोसानंतर गड्याला माडीचा जिना चढवेना. ओठ पांढरे पडले. आळीत लोक बोलू लागले, "रोगानं नाही, औषधानंच रक्त प्यायलं याचं." त्याने उरलेले डोस बंद केले. महिन्या-दोन महिन्यांत अंगात बळ आले, चेहऱ्यावर तजेला आला, तो कामावर रुजू झाला. मला म्हणाला, "भाऊ, औषध सोडलं आणि माणसात आलो." मी त्याच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली. त्या थापेची मला आजही लाज वाटते. वर्ष उलटण्याच्या आत रोग परतला आणि तो गेला. डोस पुरे झाले असते तर तो खात्रीने वाचला असता, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. परंतु जी संधी त्याला होती ती त्याने ज्या कारणासाठी सोडली, त्या कारणावर इलाज होता. तो इलाज त्याला कोणी सांगितला नाही, आणि मलाही तो ठाऊक नव्हता.

दुसरी चूक घरातली. सहा वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला स्तनाचा कर्करोग झाला. दर तीन आठवड्यांनी डोस असे. ती तक्रार करणाऱ्यांतली नव्हे. एके दिवशी म्हणाली, "अहो, आज पाणी भरवत नाही." मी म्हणालो, "औषध भारी आहे, धीर धर." पुढे ती भाकऱ्या थापताना मध्येच भिंतीला टेकून बसू लागली. बोलताना अर्ध्या वाक्यात थांबून श्वास घेई. चौथ्या डोसाच्या आधी डॉक्टरांनी विचारले, "दम केव्हापासून लागतो?" ती म्हणाली, "महिना होत आला." "मग सांगितलं का नाहीत?" तिने माझ्याकडे पाहिले, बोलली मात्र काही नाही. हिमोग्लोबिन ७.१ भरले होते. घरी येऊन मी रिपोर्टांची पिशवी उघडली. पहिल्या डोसाच्या आधी १०.६, मग ९.४, मग ८.३. सगळे कागदावर होते. तीस वर्षे परक्यांच्या तक्रारी लिहून घेणाऱ्या माणसाने घरातली एक तक्रार लिहून घेतली नव्हती.

आता हे होते कसे ते पाहू.

रक्ताला तांबडा रंग देणाऱ्या पेशींना आपण लाल पेशी म्हणू. त्या प्राणवायूचे हमाल आहेत. हिमोग्लोबिन हा लोहयुक्त पदार्थ त्यांच्या पाठीवरची पाटी होय. फुप्फुसात प्राणवायू उचलायचा आणि मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचा, हे त्यांचे काम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापाप्रमाणे प्रौढ पुरुषाच्या दर १०० मिलिलिटर रक्तात १३ ग्रॅमपेक्षा कमी आणि गरोदर नसलेल्या स्त्रीच्या रक्तात १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल तर त्यास रक्तक्षय म्हणतात. डॉक्टर त्याला अॅनिमिया म्हणतात. हमाल कमी पडले की उरलेल्यांना जास्त खेपा कराव्या लागतात. म्हणून छाती धडधडते, दम लागतो, डोके हलके होते, हातपाय गार पडतात, आणि झोप घेऊनही थकवा जात नाही. हा आळस नव्हे, मनाचा दुबळेपणाही नव्हे.

हे हमाल तयार होतात हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत. एका सेकंदाला सुमारे वीस लाख नव्या लाल पेशी तेथून बाहेर पडतात. हा कारखाना रात्रंदिवस तिन्ही पाळ्या चालतो, आणि याचमुळे तो औषधाच्या तडाख्यात सापडतो. कर्करोगाच्या पेशी भराभर दुभंगून वाढतात; केमोथेरपीची बहुतेक जुनी औषधे वेगाने दुभंगणाऱ्या पेशींवर घाला घालतात. परंतु केसांची मुळे, तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा याही जागी पेशी वेगानेच वाढतात. औषधाला आपला-परका फारसा ओळखता येत नाही.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही, कारण ती आमच्या गिरणी कामगार भगिनींची आहे. १९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईस आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक जीवघेणा रक्तक्षय होत असे. त्याचे कारण शोधण्याचे काम तिच्याकडे होते. परळच्या हाफकिन संस्थेत तिने संशोधन केले. निकृष्ट, एकसुरी अन्नावर राबणाऱ्या या बायकांच्या रक्तात कसली तरी उणीव आहे हे तिने ताडले, आणि दारू गाळताना उरणाऱ्या यीस्टपासून केलेले मार्माइट नावाचे स्वस्त खाद्य दिल्यावर त्या बऱ्या होतात असे १९३१ साली प्रसिद्ध केले. तो गुणकारी पदार्थ म्हणजे फोलिक आम्ल. १९४१ साली अमेरिकेत ते पालकाच्या भाजीतून वेगळे काढण्यात आले, आणि पानाला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्यावरून त्याला नाव पडले.

पुढचा भाग अधिक विलक्षण आहे. रक्त बनायला फोलिक आम्ल लागते, तर रक्ताच्या कर्करोगाची वाढ रोखण्यासाठी तेच अडवता येईल काय? आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव हे अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधन करीत होते. त्यांच्या चमूने फोलिक आम्लासारखे दिसणारे, पण त्याचे काम हाणून पाडणारे पदार्थ तयार केले. बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी त्यांतले अॅमिनोप्टेरिन हे औषध रक्ताचा कर्करोग झालेल्या १६ मुलांना दिले. १० मुलांत काही काळ सुधारणा दिसली. १९४८ सालची ही गोष्ट. याच कुळातले मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. म्हणजे पाहा, ज्या पदार्थाच्या अभावाने परळच्या गिरणीतल्या बायका पांढऱ्या पडत होत्या, तोच मुद्दाम अडवून कर्करोगाला उपाशी मारण्याची युक्ती निघाली. मग औषधाने रक्त उतरले तर त्यात आश्चर्य कसले? औषध ज्या वाटेने रोगाला गाठते, त्याच वाटेवर आपली मज्जा आहे. रक्त उतरले म्हणजे औषध फसले किंवा रोग बळावला असे आपोआप ठरत नाही. आमच्या त्या सभासदाला हे एक वाक्य कोणी सांगायला हवे होते.

हे रक्त उतरते मात्र हळूहळू. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. कारखाना आठवडाभर बंद पडला तरी बाजारातला जुना माल लगेच संपत नाही. पांढऱ्या पेशींचे आयुष्य थोडे, म्हणून त्या डोसानंतर एक-दोन आठवड्यांतच तळ गाठतात आणि ताप आला की सगळे घर सावध होते. लाल पेशींची घट डोसागणिक थोडी थोडी होते. माणूस रोज थोडा थोडा कमी चालतो, आणि घरच्यांच्या डोळ्यांना त्याची सवय होते. मला झाली तशी.

शिवाय सगळा दोष औषधावर टाकून मोकळे होणे हीसुद्धा चूक ठरते. रोगामुळे शरीरात सूज असली की साठ्यातले लोह कुलपात पडते आणि मज्जेला मिळत नाही. सिस्प्लॅटिनसारख्या औषधाने मूत्रपिंडांना इजा होते. रक्त बनवण्याचा हुकूम देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक तेथेच तयार होते. कंबरेच्या हाडांवर किरण दिले तर तेथील मज्जा मार खाते. तोंड आल्यामुळे अन्न जात नाही. दुखण्यावरच्या गोळ्यांनी जठरातून न कळत रक्त झिरपते. निव्वळ शाकाहारी माणसात बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव असू शकते. आणि आपल्या देशात मुळातच भांडवल थोडे: २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातील ५७ स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. माझ्या पत्नीची सुरुवातच १०.६ वर झाली होती, हे आपण ऐकलेच. म्हणून कारण कोणते, हे तपासणीनेच ठरवावयाचे असते.

आता इलाजाकडे वळू. पहिला इलाज फुकटचा आहे. एक वही घाला. आमच्या धंद्यात एक नियम आहे: जी तक्रार लिहिली नाही ती मालकापुढे झालीच नाही. वहीत दर तपासणीचे हिमोग्लोबिन तारखेसह लिहा. त्याखाली साध्या भाषेत लिहा: जिना किती पायऱ्यांवर थांबावे लागले, आंघोळ उभ्याने झाली की बसून, बोलताना दम लागला काय. "अशक्तपणा आहे" या शब्दाने डॉक्टरला थोडे कळते. "गेल्या महिन्यात वीस पायऱ्या चढत होते, आता आठव्या पायरीला बसते," याने पुष्कळ कळते. ही वही पुढच्या डोसाआधी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. मात्र काही गोष्टींसाठी वहीची वाट पाहू नये. बसल्या जागी दम लागणे, छातीत दुखणे, घेरी येऊन पडणे, काळी डांबरासारखी शौचास होणे किंवा कोठूनही रक्त जाणे, आणि १००.४ अंशांवर ताप, यांपैकी काहीही झाले तर रात्र असो की सण असो, रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळपट होतो; म्हणून त्या चालू असतील तर तेही सांगावे.

दुसरा इलाज बाहेरून रक्त देण्याचा. हिमोग्लोबिन ७ ते ८ च्या आसपास आले, किंवा त्याआधीच त्रास फार होऊ लागला, हृदयविकार असला, तर डॉक्टर रक्त चढवतात. प्रौढ माणसात एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने चढते. दात्याच्या रक्ताची एचआयव्ही, दोन्ही काविळी, गुप्तरोग आणि हिवताप यांसाठी तपासणी सक्तीची आहे. रक्त चालू असताना थंडी, ताप, खाज, कंबरदुखी किंवा दम जाणवला तर "उगाच कशाला त्रास" असे न म्हणता नर्सबाईंना तत्काळ सांगावे.

तिसरा इलाज, उणीव भरून काढण्याचा. येथे कच्चा माल आणि कारागीर यांतला भेद ध्यानात घ्यावा. लोह, फोलिक आम्ल, बी-१२ हा कच्चा माल. तो कमी असेल तर देऊन काम भागते, कधी लोह शिरेतूनही देतात. परंतु कारागीरच आजारी असेल तर मालाचे ढीग लावून कापड निघत नाही. वारंवार रक्त चढवलेल्या माणसाच्या शरीरात तर लोह आधीच साचते. म्हणून दुकानातून आणलेली लोहाची बाटली, कोणी दिलेले भस्म किंवा फोलिक आम्लाची गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. सांधेवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना डॉक्टर स्वतःच फोलिक आम्ल जोडून देतात. त्यांनी एक गोष्ट मात्र गाठीला बांधावी, की ते औषध आठवड्यातून एकदा घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेतते.

चौथे, एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने. मूत्रपिंडाच्या रुग्णांना त्यांनी मोठा आधार दिला आहे. परंतु कर्करोगात त्यांनी रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, आणि काही चाचण्यांत रोगावरही वाईट परिणाम दिसला. म्हणून जेथे रोग समूळ बरा करण्याचा हेतू आहे तेथे डॉक्टर ती सहसा टाळतात. "पैसा खर्चू, पण ताकदीचं इंजेक्शन द्या," असा हट्ट नातलगांनी धरू नये.

अन्नाविषयी बोलले नाही तर भगिनीवर्ग रागावेल. बिटाचा रंग तांबडा आहे म्हणून त्याचे रक्त होत नाही. डाळिंब चांगलेच आहे, परंतु त्याने मज्जेचा कारखाना सुरू होत नाही. पालेभाज्या, डाळी, मोड आलेली व चांगली शिजवलेली कडधान्ये, आळीव, खजूर. चालत असेल त्यांनी अंडी, मासे, मटण. जेवणात लिंबू पिळावे, त्याने भाजीतले लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेतला तर उलटे होते. पांढऱ्या पेशी उतरलेल्या दिवसांत हातगाडीवरचा रस आणि उघडे कापलेले फळ वर्ज्य समजावे. एकदम ताट भरून वाढण्यापेक्षा दर दोन-तीन तासांनी थोडे द्यावे.

आणि शक्तीचा हिशेब. आजारी माणसाजवळ दिवसाची जी शक्ती असते ती थोड्या पगारासारखी असते; सकाळीच सगळी उधळली तर संध्याकाळी हात रिकामे. आमच्या घरी आम्ही कामांची वाटणी केली. पाणी भरणे, बाजार आणि धुणे माझ्याकडे आले. स्वयंपाकाचे बसून होईल तेवढे तिने ठेवले, कारण तेही काढून घेतले तर ती जास्त खचली असती. दुपारी थोडी झोप. आणि डॉक्टरांच्या संमतीने रोज थोडे चालणे. थकलेल्या माणसाला चालायला सांगणे विपरीत वाटेल, परंतु सोसवेल इतक्या हालचालीने उपचारातला थकवा कमी होतो हे आता नीट तपासलेले सत्य आहे. प्रथम ती दारापासून कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत जाई.

परंतु मंडळी, विश्रांती घ्या म्हणणे सोपे आहे. रोजंदारीच्या माणसाला विश्रांती म्हणजे चूल बंद. आमच्या सभासदाने डोस सोडले ते केवळ आळीच्या बोलण्याने नव्हे. घरात पगार येत नव्हता. १९४८ च्या कायद्यातून निघालेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत कर्करोगासह ३४ दीर्घकाळच्या आजारांसाठी दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के भत्ता मिळू शकतो. दोन वर्षांची सलग नोकरी आणि ठराविक वर्गणी या तिच्या अटी आहेत. त्याचे नाव त्या रजिस्टरात कधी चढलेच नव्हते. त्यानंतर आम्ही कोणत्याही कारखान्यात गेलो की पहिला प्रश्न विम्याच्या नोंदणीचा विचारतो. औषध पुरे होणे हे पुष्कळदा डॉक्टरच्या हाती नसते. ते हजेरीपटाच्या हाती असते.

शेवटी एक विनंती. ही व्याख्यानमाला वसंतात भरते, आणि याच दिवसांत रक्तपेढ्यांची कपाटे रिकामी होऊ लागतात. कॉलेजे बंद, लोक गावी गेलेले, शिबिरे थोडी. रोग मात्र सुट्टी घेत नाही. पैसे घेऊन रक्त विकण्यास १ जानेवारी १९९८ पासून आपल्या देशात बंदी आहे, तेव्हा रक्त येणार ते आपल्यासारख्यांच्याच दंडातून. साठवलेल्या लाल पेशी फार तर ४२ दिवस टिकतात. म्हणून एकदाच मोठे शिबिर भरवून वर्षाची बेगमी होत नाही. १८ ते ६५ वयाचा, ४५ किलोहून कमी वजन नसलेला, निरोगी आणि हिमोग्लोबिन १२.५ असलेला माणूस रक्त देऊ शकतो. पुरुषाने ९० दिवसांनी आणि स्त्रीने १२० दिवसांनी पुन्हा द्यावे.

माझ्या पत्नीला त्या दिवशी रक्ताची एक पिशवी मिळाली आणि पुढच्या आठवड्यात दुसरी. एक डोस आठ दिवस पुढे गेला, परंतु एकही चुकला नाही. पिशवीवर दात्याचे नाव नसते, क्रमांक असतो. तो आकडा मी वहीत उतरून ठेवला आहे. तो माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या पक्षाचा, कामगार की मालक, हे मला कधी कळणार नाही. आज ती सभागृहात तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि भाषण लांबले की ती घड्याळाकडे पाहते हे मला इथून दिसते आहे. म्हणून येथेच थांबतो.